जिल्हा एक, पाऊस दोन

जुलैत बातम्यांमध्ये साताऱ्याचं नाव आलं की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. कोयनेचे दरवाजे उघडलेत, घाटात दरड आलीय, महाबळेश्वरात धुवाधार चाललंय. तुम्ही सुखरूप आहात ना? मी सांगते, आम्ही बरे आहोत, पण आमच्याकडं अजून पेरणीजोगा पाऊस नाही. एकाच जिल्ह्यात असं कसं, असं मग ते विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण फोनवर त्याचं उत्तर कधी पुरं होत नाही. म्हणून इथं लिहिते.

माझं माहेर आणि सासर दोन्ही माण तालुक्यातलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पहिली नेमणूक मात्र महाबळेश्वर तालुक्यात झाली, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या कडेला, तापोळ्याच्या बाजूला. त्यामुळं जिल्ह्याचे दोन्ही पाऊस मी अंगावर घेतलेत. सातारा जिल्ह्यात ११ तालुके आहेत. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्याला धरून महाबळेश्वर, जावली, पाटण. पूर्वेला फलटण, खटाव आणि आमचं माण. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या माणमधल्या दहिवडी-म्हसवडकडं साडेचारशे ते पाचशे. सकाळी तिकडून एसटीत बसलेला माणूस दुपारी इकडं जेवायला पोचतो, एवढंच मधलं अंतर.

कारण मुलांना शिकवायला सोपं आहे, सोसायला अवघड. अरबी समुद्रावरून येणारे नैऋत्येचे वारे सह्याद्रीला धडकतात आणि वर चढतात. वर चढताना हवा थंड होते, तिच्यातली वाफ पाणी होऊन माथ्यावर कोसळते. तीच हवा पूर्वेच्या उतारावरून खाली येते तेव्हा पुन्हा तापते, आणि तापलेली हवा पाणी धरून ठेवते, सोडत नाही. आम्ही त्या उताराच्या पार पलीकडं, पर्जन्यछायेत. मध्ये महादेवाचे डोंगर आहेत, पण त्यांना सह्याद्रीसारखी ढग अडवण्याइतकी उंची नाही.

हे सगळं पुस्तकातलं एका घाटात डोळ्यांनी दिसतं. सातारा-पंढरपूर रस्त्यावर कोरेगाव आणि पुसेगावच्या मध्ये वर्धनगडाचा घाट लागतो. पावसाळ्यात सुट्टीला गावी यायचे तेव्हा मेढ्यापासून साताऱ्यापर्यंत गाडीच्या काचेतून बाहेरचं काही दिसत नसे. कोरेगावला पाऊस भुरभुरीवर येई. वर्धनगड चढून पलीकडं उतरलं की रस्ता कोरडा. काचा खाली घ्यायच्या आणि वारा तोंडावर घ्यायचा. माझी छत्री पुसेगावला वाळलेली असायची आणि गोंदवल्याला उतरेपर्यंत कुणाला पटायचं नाही की मी सकाळी भिजले होते.

तिकडचा पाऊस वेगळाच. जूनच्या मध्यावर एकदा लागला की आभाळ जमिनीवरच उतरतं. पावसाच्या बाजूच्या भिंतींना लोक गवताचे झाप बांधतात, नाहीतर भिंत फुगते. सरपण मे महिन्यातच घरात भरलेलं असतं. मिठाला पाणी सुटतं, आगपेटी चुलीच्या उबेला ठेवावी लागते, कपडे चुलीवर दोरीला टांगून वाळवायचे, म्हणून पावसाळाभर माझ्या सगळ्या साड्यांना धुराचा वास असे. वहीचा कागद इतका मऊ पडे की पेन्सिलीनं लिहिताना फाटे. अशा अतिपावसाच्या भागातल्या काही शाळांना उन्हाळ्याऐवजी पावसाळ्यात सुट्टी असते, आणि ते शहाणपणाचं आहे. ओढा ओलांडून येणाऱ्या सात वर्षांच्या पोराला जुलैत शाळेत बोलावणं म्हणजे त्याचा जीव पणाला लावणं. उतारावरची नाचणी, वरी आणि खाचरातला भात, एवढ्यावर तिथली वर्षं निघतात. आणि ज्यांच्या अंगणात हजारो मिलिमीटर पडतो त्याच वाड्यांना एप्रिल-मेमध्ये झऱ्यावर रांग लावावी लागते, कारण उतारावरून पाणी जसं येतं तसं जातं. त्यांचे हाल आमच्यापेक्षा कमी आहेत असं मला कधी वाटलं नाही.

२०२१ चा जुलै त्या भागातलं कुणी विसरणार नाही. २३ तारखेच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आमच्या पूर्ण वर्षाला जेवढा मिळतो त्याहून जास्त पाऊस एका दिवसात. त्याच पावसात पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथं डोंगर खाली आला आणि माणसं गाडली गेली. त्या दिवशी माणमध्ये आम्ही टीव्हीपुढं बसून होतो. बाहेर भुरभुर होती. तिकडच्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन लागत नव्हते.

आता आमचा जुलै. नातेवाइकांना नेमका हाच समजावून सांगता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मृगात एखादा चांगला पाऊस होतो. पावशा ओरडत असतो, लोक कुळवाच्या पाळ्या घालून रानं तयार ठेवतात. मग वारं सुटतं. जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत पश्चिमेकडून जे वारं वाहतं ते रात्रीही थांबत नाही. साताऱ्याच्या वरच्या पठारावर, चाळकेवाडी आणि वनकुसवड्याला पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच वाऱ्यावर. आमच्याकडं तेच वारं पत्रे उचकटतं, मातीचा वरचा थर उडवतं आणि पहिल्या पावसानं आलेली ओल दोन-चार दिवसांत ओढून नेतं. डोक्यावर काळे ढग असतात. चांगले काळे, खालून जाणारे. पण ते थांबत नाहीत, पूर्वेला पळत राहतात. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, कट्ट्यावर बसून आभाळाकडं बघत म्हणायचे, "ढगं नुसती पळत्यात बाय. वाऱ्याला खुट्टी मारणारा कोण न्हाई." पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस इतरांच्या गावात पडतात, आमच्यात या दोघांची नावंच ऐकायला मिळतात.

मधूनच भुरभुर होते. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत २.५ मिलिमीटर पडला की तो पावसाचा दिवस. आमच्या जुलैत असे दिवस निघतात, कागदावर ते शोभूनही दिसतात. पण तीन मिलिमीटरनं काळ्या रानात बोटाचं एक पेरही भिजत नाही, आणि दुपारपर्यंत वारं तेवढंही सुकवतं. बाजरी पेरलेली असते. ती उगवून येते, गुडघ्याला लागते आणि निसवायच्या, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या ऐन वेळी पानं गुंडाळून उभी राहते. ऑगस्ट २०२३ आठवा. देशभरात १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आमच्याकडं त्या महिन्यात बाजरीचं रान जनावरांना सोडून देणारे लोक मी पाहिलेत.

पाऊस किती पडला यापेक्षा तो कधी पडला, हाच आमच्या भागाचा खरा प्रश्न. पाचशे मिलिमीटर हा काही थोडका आकडा नाही. एका मिलिमीटरला एकरी साधारण चार हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे पाचशेला वीस लाख लिटर. एका एकराला एवढं पाणी पीक काढायला पुष्कळ आहे. पण ते निम्मंअर्धं दोन-तीन वादळी संध्याकाळी ओढ्यातून निघून जातं, आणि उरलेलं बाजरीला नको त्या वेळी येतं.

आमच्या शाळेत पाचवीला सरासरी शिकवताना मी पावसाचेच आकडे देते. फळ्यावर महाबळेश्वर ५५०० आणि म्हसवड ५०० असं लिहायचं, बेरीज करून दोनानं भागायचं. उत्तर येतं ३०००. मग विचारते, हा तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो कुठं? पोरं गावांची नावं घेतात, नकाशा बघतात. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, हा पाऊस वहीत पडतो." तिचं गणित पक्कं होतं. जिल्ह्याची सरासरी पूर्ण झाली अशी बातमी वाचली की मला तिची आठवण येते. ती सरासरी कोयनेनं आणि महाबळेश्वरानं पूर्ण केलेली असते. महसूल मंडळनिहाय आकडे आता मिळतात, ही फार चांगली गोष्ट आहे, पण एका मंडळातही डोंगराच्या या अंगाला पडतो आणि त्या अंगाला पडत नाही. आमच्याकडं बैलाचं एक शिंग भिजतं आणि एक कोरडं राहतं असं म्हणतात ते उगाच नाही.

सप्टेंबर लागला की चित्र फिरतं. नैऋत्येचं वारं मंदावतं. दुपारी कडक ऊन, अंगाची काहिली, आणि चार वाजता पूर्वेकडून ढग उठतो. हा ढग वेगळा, उभा वाढणारा, बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या बाष्पावर पोसलेला. विजा, गडगडाट आणि तासभर ओतल्यासारखा पाऊस. हाच आमचा पावसाळा. बाकी महाराष्ट्र ज्याला परतीचा पाऊस म्हणून निरोप देतो, त्याच्या येण्याकडं आम्ही डोळे लावून बसलेलो असतो. उत्तरा आणि हस्त ही आमची नक्षत्रं. हादग्याच्या दिवसांत मुली पाटावर हत्ती काढून फेर धरतात आणि त्याच संध्याकाळी हस्त कोसळला तर गावात दिवाळीआधीची दिवाळी. बाकी सगळीकडं डोंगर जुलैत हिरवे होतात, आमचे सप्टेंबरअखेर. शिखर शिंगणापूरच्या पायऱ्यांवरून तेव्हा खाली पाहिलं तर माळावर कुसळाचं गवत वाऱ्यावर लोळत असतं आणि ओढे चमकत असतात. वर्षातले हे तीन-चार आठवडे मला गावाबाहेर जावंसं वाटत नाही.

या पावसावर ज्वारी होते. आमच्याकडची मालदांडी रब्बीची, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरायची. रानाला वापसा आला, म्हणजे चिखल सुकून पेरणीजोगी ओल राहिली, ती घात साधली की तिफण, म्हणजे पेरणीचं औत, धरायची, आणि मग तिला पुन्हा पाऊस मिळेलच असं नाही. काळ्या मातीनं पोटात धरलेल्या ओलीवर ती माघ-फाल्गुनापर्यंत जगते. वरची ओल खालच्या ओलीला मिळाली पाहिजे, हे आबांचं पहिलं वाक्य असायचं. पाऊस उघडला की ते पहार घेऊन रानात जायचे आणि खोचून बघायचे, मध्ये कोरडा थर लागतो का ते. थर लागला तर पेरायचं नाही, थांबायचं. पुढं रानाला भेगा पडायला लागल्या की कोळपं चालवून त्या बुजवायच्या, म्हणजे ओल उडत नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. शेतीची पुस्तकंही हेच सांगतात, पण मी ते आधी बांधावर ऐकलं.

थंडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिकडं महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी डिसेंबर-जानेवारीत दवाचे कण गोठतात, त्याचे फोटो सगळीकडं फिरतात. आमची थंडी कोरडी, पहाटेची, ज्वारीचं दाणं भरायला हवी तशी. फक्त आभाळ आलं की जीव टांगणीला लागतो. ढगाळ हवेत ज्वारीवर मावा येतो, पानं चिकट होतात, आणि डाळिंबवाले तेल्या रोगाच्या भीतीनं रात्री झोपत नाहीत. पौषातला हुरडा मात्र जो खाईल तो आमच्या हवेला नावं ठेवणार नाही. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. कोकणातला पाऊस मेंढराला सोसत नाही आणि माणदेशातला उन्हाळा त्याचं पोट भरत नाही. दोन्ही हवा ओळखून वर्ष आखणारे याहून जाणते लोक मला माहीत नाहीत.

उन्हाळा चाळिशीच्या पुढं जातो. चैत्रात शिंगणापूरची यात्रा असते, मुंगी घाटातून कावडी चढतात, दगड पायाला पोळत असतात. विहिरींचं पाणी परसानं, म्हणजे पुरुषभर खोलीच्या मापानं मोजायचे दिवस हेच. माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते आणि सरकोलीला भीमेला मिळते, पण मार्चनंतर तिच्या पात्रात वाळू आणि वेड्या बाभळीच उरतात. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आबा सांगायचे: खडी फोडायचं काम, पाझर तलावाची माती, कामावर मिळणारी सुकडी. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव तर त्याहून जुना, इंग्रजी अमलातल्या दुष्काळी कामाचा. आमच्याकडच्या पाण्याच्या बहुतेक जागा अशा दुष्काळातल्या माणसांच्या हातांनी झालेल्या आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत होती आणि शाळेतली निम्मी पोरं आईबापांबरोबर छावणीतून शाळेत येत होती. तिथं त्यांनी गृहपाठ केला, परीक्षा दिल्या. त्या मुलांचा मला अजून अभिमान वाटतो.

वळीव हा आमचा दुसरा आधार. एप्रिल-मेमध्ये दुपारी तापून उठणारा, गारांसकट येणारा, आंबा झोडपणारा. पण एक वळीव झाला की नांगरट होते. २०२५ च्या मे महिन्यात मात्र या हिशेबाचा बोऱ्या वाजला. मॉन्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला, एरवीची तारीख ११ जून. त्याआधीपासून आमच्या पूर्व भागात पाऊस पडत होता, फलटणकडं तर गावात पाणी शिरलं. लोक म्हणाले, माणचं नशीब उघडलं. विहिरी भरल्या हे खरं. पण रानाला वापसाच येईना, मशागत राहिली, तण माजलं, आणि बाजरीच्या पेरण्या मागं पडल्या. मे महिन्यात इतका पाऊस बाजरीला कामाचा नसतो. तो जमिनीत मुरवून ठेवला तरच पुढं कामाला येतो.

मुरवण्याचं काम इथल्या लोकांनी केलंय, आणि तेही कुणाची वाट न पाहता. आमच्याच तालुक्यातलं टाकेवाडी २०१८ च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत राज्यात पहिलं आलं. उन्हाच्या आत, पहाटे आणि रात्री, बायका-पुरुषांनी डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीतले चर खोदले. माथ्यावरून सुरुवात करायची आणि पायथ्याकडं यायचं, म्हणजे वरचं पाणी खालच्या बांधाला फोडत नाही. चार सरींचा तो वादळी पाऊस अशा चरांत थांबला की त्याचं पाणी पळून जात नाही. दुसरीकडं जिहे-कठापूर उपसा योजनेनं कृष्णेचं पाणी नेरच्या तलावातून आंधळीच्या तलावात आलं. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेला पाऊस डोंगर चढून आमच्याकडं येतोय, हे माझ्या सासऱ्यांच्या पिढीला खरं वाटलं नसतं.

या पाण्यावर आता ऊस दिसू लागलाय, आणि त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. ऑगस्टच्या खंडात बाजरीला एक पाणी आणि पोटरीतल्या, म्हणजे कणीस अजून पोटात असलेल्या ज्वारीला एक पाणी, एवढं जरी प्रत्येक रानाला मिळालं तरी इथला माणूस तरतो. तेच पाणी काही शेतांत वर्षभर उसाला गेलं तर कालव्याच्या शेवटाला असलेली गावं कोरडीच राहणार. पाचशे मिलिमीटरच्या मुलखात पाणी आलं म्हणून मुलूख बदलत नाही. ग्रामसभेत मी हे बोलते आणि बोलत राहीन.

यंदा शाळेत मुलांकडून पावसाची नोंद ठेवून घेते आहे. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली वरून कापायची, कापलेलं तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं आत बसवायचं, तळ सपाट करायला थोडं पाणी भरून तिथं शून्याची खूण करायची, आणि मोकळ्या जागी विटांत घट्ट उभी करायची. रोज सकाळी साडेआठला पट्टी लावून उंची मोजायची, हवामान खात्याची वेळही तीच. बाटली रुंद असो की अरुंद, जितके मिलिमीटर उंची तितका पाऊस. प्रत्येक वाडीवरच्या एका मुलाकडं एक बाटली आहे. वहीत तारीख, नक्षत्र, वाऱ्याची दिशा आणि पाऊस असे चार रकाने. माण, खटाव, आटपाडी, सांगोला या पट्ट्यातल्या कुणी शिक्षकांनी असं सुरू केलं असेल किंवा करणार असतील तर खाली लिहा. उत्तरा आणि हस्त या दोन नक्षत्रांच्या नोंदी आपण एकत्र मांडू, वाडीवार.